हजार रोपं आणण्याआधी शिवारातले जिवंत खुंट मोजा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात पंधरा-सोळा जणांचा गट जमला आहे. गावाला लागून पाच एकर ई-क्लासची, म्हणजे गावाच्या वापरासाठी ठेवलेली सरकारी, बरड (हलकी, मुरमाड) जमीन आहे, एका अंगाला नाला. ग्रामपंचायत जागा सांभाळायला द्यायला तयार आहे आणि हजार रोपं फुकट मिळत आहेत. गटाला देशी झाडं ओळखायला शिकायचं आहे आणि जपायचंही आहे. सुरुवात कुठून करावी, रोपं कोणती घ्यावीत?

पहिलं उत्तर हेच, की या पावसाळ्यात हजार रोपं घेऊ नका. शंभर घ्या, आणि तीही बघून. पहिलं वर्ष त्या पाच एकरांत काय जिवंत आहे ते शोधण्यात आणि ते वाचवण्यात घाला.

विदर्भातली बरड जमीन उन्हाळ्यात उघडीबोडकी दिसते, पण बहुतेक ठिकाणी ती मेलेली नसते. ऐन, धावडा, तेंदू, पळस, लेंडिया, तिवस ही झाडं तोडली, जाळली, ढोरांनी ओरबाडली तरी मुळाशी जिवंत राहतात. दरवर्षी फुटतात, दरवर्षी खाल्ली जातात, आणि वीतभर उंचीचं चपटं झुडूप होऊन बसतात. वर वीतभर दिसणाऱ्या तेंदूच्या मुळाचं वय कितीतरी वर्षांचं असू शकतं. असं मूळ जमिनीत खोल गेलेलं असल्यामुळे त्याला पाणी घालावं लागत नाही, खत लागत नाही. त्याच्या शेजारी खड्डा खोदून वितीएवढं नवं रोप लावणं आणि वैशाखात त्याला बादलीने पाणी घालत बसणं म्हणजे कष्ट चुकीच्या जागी घालणं.

मोजणी अशी करा. पाच एकर म्हणजे साधारण दोन हेक्टर, वीस हजार चौरस मीटर. त्यात दहा ठिकाणी दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखा. चार खुंट्या आणि चाळीस मीटर सुतळी पुरते. चांगली जागा निवडून चौकोन आखू नका. जमिनीच्या एका टोकाकडून चालत जा आणि ठरावीक पावलांनी, जिथे पाय पडेल तिथे आखा. दहा चौकोन म्हणजे जमिनीचा विसावा हिस्सा होतो, अंदाज बांधायला तेवढा पुरतो. प्रत्येक चौकोनात जिवंत खुंट (तोडलेल्या झाडाचं मुळाशी जिवंत राहिलेलं बूड) किती, कोणत्या जातीचे, फुटवा किती उंच आणि खाल्लेला आहे का, एवढं लिहा. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करा, कारण तेव्हा पानं पूर्ण असतात आणि ओळखता येतात. मे महिन्यात धावडा आणि ऐन यांच्या काड्या सारख्याच दिसतात.

सरासरी एका चौकोनात आठ किंवा जास्त जिवंत खुंट निघाले तर हेक्टरी आठशे झाले. तिथे लागवडीची गरजच नाही, राखण हवी. तीन ते सात निघाले तर मधल्या मोकळ्या जागी थोडी भर घाला. तीनपेक्षा कमी असतील आणि खाली निव्वळ मुरूम असेल, तर आधी गवत आणि माती धरण्याचं काम, झाडं नंतर. ही मर्यादा आमच्या अंदाजाची आहे, जमीन पाहून थोडी इकडेतिकडे करायला हरकत नाही.

खुंट सापडले की फुटवे विरळ करायचे. एका खुंटावर दहा-बारा फुटवे असतील तर त्यातले सरळ, जाड आणि जमिनीला लागून निघालेले दोन ठेवा, बाकीचे काढा. उंचावरून, जुन्या कुजक्या लाकडातून निघालेला फुटवा ठेवू नका. तो वाढला की वाऱ्याने जोडापासून फाटतो. काप धारदार कोयत्याने तिरपा आणि जमिनीलगत घ्यावा. बोथट हत्याराने साल चिरते आणि तिथून बुरशी शिरते. वेळ डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी, नवी पालवी यायच्या आधी. पुढच्या वर्षी दोनातला एक काढायचा. पहिल्याच वर्षी एकच ठेवला आणि तो बकरीने खाल्ला, तर ते वर्ष वाया जातं, म्हणून दोन. काढलेल्या फांद्या तिथेच खुंटाभोवती आडव्या टाका. ढोराचं तोंड थोडं लांब राहतं आणि माती झाकली जाते.

आता राखण. इथे बहुतेक गट हरतात, कारण ते कुंपणापासून सुरुवात करतात आणि माणसांकडे नंतर वळतात. गावाची ढोरं चारणारा गायकी आणि बकऱ्या राखणारी माणसं पहिल्या बैठकीला हवीत. पाचही एकर एकदम बंद केले तर ढोरं जाणार कुठे? निम्मी जमीन तीन वर्षं बंद ठेवा, निम्मी चराईला मोकळी. बंद भागातलं गवत कापून न्यायची मुभा सगळ्यांना द्या, पण कापणी बी गळल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून. तीन वर्षांत फुटवे ढोराच्या तोंडाच्या वर गेले की भाग बदला. बकरी मागच्या पायांवर उभी राहून खाते, म्हणून बकऱ्यांसाठी उंचीचा हिशेब दोन मीटरच्या पुढे धरा. कुंपण तारेचं नसलं तरी चालतं. बोराट्या आणि बाभळीचे काटे पुरतात, फक्त ते दर दिवाळीनंतर नवे भरावे लागतात, कारण उधई (वाळवी) खालून खाते. आणखी एक फायदा असा, की कोणतं झाड कधी फुलतं, कोणत्या नाल्यात कोणता वेल आहे, हे गायक्याइतकं गावात कोणालाच ठाऊक नसतं. तुमच्या गटाचा पहिला शिक्षक तोच, त्याला तसा मान द्या.

कागदाचं काम थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. आधी सातबारा काढा. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत पुष्कळ पडीक जमिनींवर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असते, वर्धा त्यांत येतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या जमिनी वन म्हणून धरल्या आहेत. तशी नोंद निघाली तर वन विभागाशी बोलल्याशिवाय तिथे कुदळही मारू नका. ई-क्लास असेल तर ग्रामसभेचा ठराव हवा, आणि त्या ठरावात किती भाग बंद, किती वर्षं, गवताचा हक्क कोणाचा, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तुमच्या गावात ती कागदावर असणार, तिच्यात गटातले दोघे-तिघे जातील असं बघा. लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीची लोकांनी केलेली नोंद, ही समितीची जबाबदारी आहे. तुमच्या गटाच्या नोंदी तिच्यात गेल्या की त्या कामाला बूड येतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगटात चर्चा आणि ग्रामसभेत निर्णय अशी पद्धत आहे. तुमच्या गटानेही ती घ्यावी. गट शिकेल, मोजेल, सुचवेल, आणि बंदी घालायची की नाही हे ग्रामसभा ठरवेल.

शिकण्याकडे येतो. दोन किलोमीटरची एकच वाट ठरवा. गावठाणातून निघून पांदण, धुरे (शेताचे बांध), नाला आणि बरड असं सगळं तिच्यात यावं. त्या वाटेवर तीस झाडं निवडा, त्यांना क्रमांक द्या आणि महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जा. झाडाला खिळा ठोकून पत्रा लावू नका. खोडावर रंगाने आकडा टाका, नाहीतर सैल तारेत टिकली अडकवा. प्रत्येक वेळी फक्त पाच गोष्टी नोंदवा: पालवी, कळी, फूल, फळ, पानगळ. वर्षाने हीच वही तुमचं बी गोळा करण्याचं वेळापत्रक होते, कारण छापील पुस्तकातला महिना आणि तुमच्या नाल्यावरचा महिना यात तीन-तीन आठवड्यांचा फरक पडतो.

फुलावरून झाड ओळखायला सगळेच शिकतात, पण फूल वर्षात दोन-तीन आठवडे असतं. साल, पान आणि फळ यांच्यावर ओळख बसवा. उदाहरण म्हणून ऐन आणि कहू घ्या. कहू म्हणजे अर्जुन. दोघांच्या फळाला पाच पंख, पानंही सारखीच लांबट. ऐनाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगा पडलेली. कहूची साल पांढुरकी-राखाडी, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. रोपं लहान असतील आणि साल तयार झाली नसेल, तर पान उलटं करा. ऐनाच्या पानाच्या मागे, देठाजवळ मधल्या शिरेवर बारीक, उभट ग्रंथी हाताला लागतात. फळ मिळालं तर पंखावरच्या रेषा उजेडात धरून बघा. ऐनाच्या पंखात त्या आडव्या, सरळ कडेपर्यंत जातात. कहूच्या पंखात त्या वर वळतात. हा फरक कळायला भिंग लागत नाही, डोळे आणि दोन फळं पुरतात. अशी जोडीजोडीने ओळख केली की पक्की बसते. कळंब आणि हळदू ही दुसरी जोडी, निंब आणि बकाण निंब ही तिसरी.

ज्या वनस्पतीबद्दल गटात मतभेद होईल तिचा नमुना वाळवून ठेवा. फूल किंवा फळ असलेली वीतभर लांबीची फांदी जुन्या वर्तमानपत्रात पसरा, एक पान उलटं ठेवा म्हणजे मागची बाजू दिसेल, वर सपाट फळी आणि तिच्यावर दगड. पहिले पाच दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात कागद बदलला नाही तर तिसऱ्या दिवशी बुरशी येते आणि पानं काळी पडून गळतात. सोबत चिठ्ठी: तारीख, जागा, जमीन कशी, झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग (वाळल्यावर तो जातो), चीक आहे का, आणि स्थानिक नाव. मराठी, गोंडी, कोलामी, कोरकू, जे नाव सांगणारा सांगेल ते तसंच लिहा आणि सांगणाऱ्याचं गावही लिहा. दोन गावांत एकाच नावाची दोन झाडं निघतात, ती अशा चिठ्ठ्यांवरूनच सुटतात. नमुना जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. मोबाईलवरचं ॲप सुचवायला बरं आहे, पण त्याच्या भरवशावर कोणतीही रानभाजी किंवा कंद तोंडात घालू नका. रानभाजी शिकायची तर ती दरवर्षी शिजवणाऱ्या बाईबरोबर रानात जाऊनच शिकायची. तरोटा, काटवल, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) यांपासून सुरुवात करा.

मुख्य काम बियांचं. गटाने स्वतःच्या शिवारातून, फार तर पन्नास किलोमीटरच्या आतून, सारख्या जमिनीवरच्या झाडांचं बी घ्यावं. लांबून आणलेलं रोप उगवतं, वाढतं, पण ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आणि दोन पावसांतल्या उघडीपीत ते टिकेल याची खात्री नसते. एका जातीचं बी एकाच झाडाखालून गोळा करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. ते सोपं पडतं म्हणून होतं, आणि मग सगळी रोपं एकमेकांची सख्खी भावंडं निघतात. दहा-पंधरा झाडं निवडा, एकमेकांपासून शंभर मीटर तरी लांब. झाडाखालच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त उचलू नका. बाकीचं पाखरांचं, जनावरांचं आणि त्या जागेचं.

इथल्या झाडांचं बी दोन तऱ्हांचं. काही बी ठेवता येत नाही. मोहाची टोळं (फळं) जूनच्या अखेरीस, जुलैमध्ये पडतात. बी काढल्यावर आठ-पंधरा दिवसांत पेरलं नाही तर ते मरतं. निंब, जांभूळ, कुसुम यांचंही तेच. निंबोळीचा गर धुऊन, सावलीत पाणी सुकवून लगेच पेरा. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असतं. मे-जूनमध्ये शेंगा उडायला लागल्या की गोळा करा आणि पहिल्या पावसाला पेरा, पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. मोह आणि पळस या दोघांनाही पिशवीपेक्षा जागेवर टोकणं मानवतं, कारण मूळ सरळ खाली जातं. बियाच्या जाडीच्या दुप्पट खोल, एका जागी दोन-तीन बिया, आणि शक्यतो बोरीच्या किंवा काटेरी झुडपाच्या पूर्वेला, म्हणजे दुपारची सावली मिळते आणि ढोराचं तोंड पोचत नाही. रानडुक्कर आणि सायाळ उकरतात, म्हणून वर काटे दाबा.

चारोळीचं दुखणं वेगळं आहे. फळं एप्रिल-मेमध्ये पिकतात, पण दुसरा नेईल या भीतीने ती हिरवी असतानाच, फांद्या मोडून उतरवली जातात. हिरव्या फळाचं बी उगवत नाही आणि मोडलेली फांदी पुढच्या वर्षी फळत नाही. म्हणून बऱ्याच शिवारांत चारोळीची म्हातारी झाडं दिसतात, पोर एकही नाही. इथे गटाने करण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चार, म्हणजे चारोळीची फळं, उतरवायची तारीख ग्रामसभेत ठरवून घेणं. तारीख सगळ्यांना एकच असली की भीती जाते. पिकलेली काळी फळं मिळाली तर गर धुवा आणि बी सावलीत वाळवा. कवच दोन फाकांचं आणि टणक असतं. सांध्यावर हलक्या हाताने ठोकून किंचित उकललं तर उगवण वाढते. आतला दाणा फुटला तर बुरशी येणारच, म्हणून सराव टाकाऊ बियांवर करा.

दुसऱ्या तऱ्हेचं बी टणक कवचाचं, वर्षभर ठेवता येणारं. बहाव्याचं बी नुसतं पेरलं तर वर्ष-दोन वर्षं मातीत पडून राहतं. खरबरीत दगडावर एका कडेला घासून तांबूस कवचाखालचा फिका भाग दिसू द्या आणि रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. अंकुराचं टोक घासलं जाऊ नये. बाभळीसाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बकऱ्यांच्या गोठ्यातून उन्हाळ्यात लेंड्यांबरोबर पडलेल्या बिया वेचणं, त्या पोटातून मऊ होऊनच आलेल्या असतात. खैराच्या शेंगा उकलायच्या आधी काढा. बियांना भुंगेरे लागतात, म्हणून भोकं पडलेल्या बाजूला करून उरलेल्या कोरड्या राखेत, मडक्यात ठेवा. शिवणीचं फळ खाली पडल्यावर गर कुजायच्या आत धुवा. बिब्याचं बी उघड्या हाताने फोडू नका. तेल लागून फोड येतात आणि ते आठवडाभर जात नाहीत. हातमोजे घाला, हाताला आधी खोबरेल लावा.

हळदूबद्दल थोडं सविस्तर, कारण त्याची रोपं फारशी कोणी करत नाही आणि मोठे हळदू भराभर कमी होत आहेत. बी धुळीसारखं बारीक असतं, एका किलोत सुमारे एक कोटी. बोंडं तपकिरी झाली की उघडायच्या आधी उतरवा, वारा नसलेल्या जागी कापडावर वाळवा आणि झटका. तळाला भोकं असलेला पसरट ट्रे घ्या, खाली बोटभर जाड वाळू, वर बारीक चाळलेली माती आणि कुजलेलं पानखत. बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून फेका. वरून माती टाकू नका, या बियाला उजेड लागतो. आणि वरून पाणीही देऊ नका. झारीच्या पहिल्याच धारेने सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं. ट्रे पाण्याने भरलेल्या परातीत ठेवा, माती वरपर्यंत ओली दिसली की काढा. रोपं दाट झाली की बुडाशी काळी पडून आडवी होतात, हा बुरशीचा रोग आहे. पाणी कमी करा आणि सकाळचं ऊन लागू द्या. चार-सहा पानं आली की काडीने उचलून पिशवीत लावा, पानाला धरून, खोडाला नाही. निसर्गात हळदू दरड कोसळलेल्या, पाचोळा नसलेल्या उघड्या मातीवर उगवतो, हे लक्षात ठेवलं की ट्रेमधलं सगळं समजतं.

प्रत्येक पुडीवर जात, झाडाचा क्रमांक, जागा आणि तारीख हवी. पेरण्याआधी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. वीसच उगवल्या तर पिशवीत एकाऐवजी तीन-चार टाका. सीडबॉलचा, म्हणजे मातीच्या गोळ्यात बी घालून फेकण्याचा, सध्या फार गाजावाजा आहे. बहावा, खैर, बाभूळ यांच्या काही बिया त्यातून उगवतात. मोहाचं बी वाळलेल्या चिखलात घालून महिनाभर ठेवणं म्हणजे ते मारणंच.

पिशव्यांसाठी दोन भाग माती, एक वाळू, एक जुनं शेणखत. शेणखत कच्चं असेल तर उधई आणि हुमणी दोन्ही येतात. सोटमूळ खोल जाणाऱ्या तेंदू, बेहडा, बिजा यांना पाच बाय आठ इंची पिशवी पुरत नाही. मूळ तळाशी गोल फिरतं आणि लावल्यावरही गोलच फिरत राहतं. असं झाड पाच-सहा वर्षांनी जोराच्या वाऱ्यात मुळासकट उपटून येतं. आठ बाय बारा इंची घ्या आणि दर दोन महिन्यांनी पिशव्या जागेवरून हलवा, म्हणजे खाली जमिनीत शिरलेली मुळं तुटतात. पहिल्या वर्षी गटाने पाचशेच्या वर पिशव्या भरू नयेत. एप्रिल-मेमध्ये रोज दोन वेळा पाणी कोण घालणार, हे नावानिशी ठरल्याशिवाय एकही भरू नये.

फुकटच्या हजार रोपांची यादी आधी मागून घ्या. तिच्यात गुलमोहर, काशिद, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी असेल तर नम्रपणे नाही म्हणा. सुबाभूळ तर एकदा शिरली की बियांनी नाला भरून टाकते. सप्तपर्णी देशी असली तरी या बरडावरची नाही. करंज, कहू, जांभूळ, उंबर नाल्याकाठी घ्या. बेहडा, आवळा, बेल, शिवण, बहावा, काटेसावर हे वरच्या अंगाला. मोवई, पांगारा आणि सालई यांची रोपं शोधू नका. मनगटाएवढ्या जाड, पाच-सहा फूट लांब फांद्या पावसाआधी फूट-दीड फूट खोल रोवा. मोवई-पांगारा बहुतेक लागतात, सालई निम्मी लागली तरी चांगलं.

बरडावर खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. तो मेमध्येच खणून उन्हात तापू द्या. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा अर्धगोल बांध करा. भरताना मूठभर निंबोळी पेंड टाका, उधईसाठी. नाल्याकडच्या काळ्या जमिनीत मात्र खड्डा करू नका, तो ऑगस्टमध्ये पाण्याने भरतो आणि मुळं गुदमरतात. तिथे वीतभर उंचवटा करून त्यावर लावा. काळी जमीन फेब्रुवारीपासून भेगाळते आणि भेग मुळं तोडते, म्हणून दिवाळीनंतर बुडाशी चार बोटं पाचोळा आणि गवत. लागवड पहिल्या सरीला नको. तीन-चार इंच पाऊस होऊन माती खोल ओली झाली की करा, आणि जुलैच्या अखेरीपर्यंत संपवा. पहिल्या उन्हाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी दहा लिटर, एकाच वेळी, सावकाश. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच राहतात.

रायमुनिया, म्हणजे घाणेरी, बहुधा तुमच्या नाल्यावर असेल. कोयत्याने वरून कापली तर दुप्पट फुटते. कुदळीने बुडाची माती बाजूला करून मुख्य मूळ जमिनीच्या दोन इंच खाली तोडा. फुटण्याची जागा त्याच्या वर असते. मग सगळं झुडूप उलटं करून, मुळं आकाशाकडे, वाळू द्या. ओल्या मातीवर आडव्या टाकलेल्या फांद्या पुन्हा रुजतात. पावसाळ्यात माती मऊ असते तेव्हाच हे काम, पण एकदम सगळी जमीन उघडी करू नका. एक पट्टा काढा, तिथे गवत धरू द्या, मग पुढचा. खालून येणारी रोपं तीन वर्षं उपटावी लागतात. गाजरगवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून उपटा. अंगाला खाज येणाऱ्यांनी त्या कामाला जाऊच नये. मोकळ्या झालेल्या जागी उन्हाळ्यातच तरोट्याचं बी फेका, तो गाजरगवताला दाबतो.

गवताकडे दुर्लक्ष करू नका. पवन्या, मारवेल, डोंगरी, तिखाडी, कुसळी ही गवतं असलेला मोकळा तुकडा सापडला तर तिथे झाड लावायचं नाही. वर्ध्याची गवळाऊ ढोरं अशाच कुरणांवर पोसली गेली. या गवतांचं ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने झोपेत असतं. म्हणून नोव्हेंबरात गोळा केलेलं पुढच्या जूनमध्ये ओल्या माती-शेणात कालवून उघड्या मुरमावर फेका.

वाढलेलं गवत म्हणजे उन्हाळ्यातला वणवाही. जानेवारी संपायच्या आत बंद भागाभोवती दहा फूट रुंद जाळरेषा कापून साफ ठेवा. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि आग तिथून निघते. त्यांना रागावून उपयोग नाही. झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरून द्या. फुलं स्वच्छ मिळतात, पेटवायची गरज उरत नाही. तेंदूची पानं चांगली यावीत म्हणूनही आग लावली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि जंगल जाळलं जातं. तुमच्या गावात त्या पैशावर घरं चालत असतील तर तसा निर्णय लगेच होणार नाही. निदान पाच एकरांतले तेंदू फळासाठी सोडा, पाखरं आणि अस्वलं बी पसरवतील.

गटाच्या वहीत एक पान बाहेर दाखवायचं नाही असं ठेवा. पांढरी मुसळी, कळलावी, शतावरी, चंदन कुठे आहे ते त्या पानावर. फोटो टाकताना जागेचं नाव देऊ नका, पत्ता कळला की एका हंगामात कंद खणून नेले जातात. मुसळी कोणी खणतच असेल तर पानं वाळून बी गळल्यावर, आणि खड्ड्यात बोटांसारखे एक-दोन कंद परत पुरून, एवढं तरी मान्य करून घ्या. मोह, ऐन, बिजा, हळदू, तिवस, खैर, अंजन ही झाडं खासगी वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा तसं सांगतो. धुऱ्यावरचं जुनं झाड विकायला निघालेल्या शेतकऱ्याकडे जाताना कायदा शेवटी काढा. आधी त्याची अडचण विचारा. बहुतेकदा सावलीने मारलेला पिकाच्या एका ओळीचा पट्टा एवढीच तक्रार असते, आणि ती खालच्या दोन फांद्या छाटून मिटते.

हिशेब वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्याच दहा चौकोनांत, त्याच खुंट्यांपासून. लावलेली रोपं वेगळ्या रकान्यात, जुने खुंट वेगळ्या. रोप दुसरा उन्हाळा काढून तिसऱ्या पावसाळ्यात पालवी धरेल तेव्हाच ते जगलं असं लिहा, त्याआधी कोणी विचारलं तर ‘लावली आहेत’ एवढंच सांगा. मेलेल्या रोपापुढे कारण लिहा: वाळलं, खाल्लं, कुजलं, उधई, जळलं. तीन वर्षांनी कोणत्या शब्दाची गर्दी झाली आहे ते बघा आणि पुढच्या वर्षीचं मनुष्यबळ तिकडे वळवा.